माशाचे डोके डावीकडे

उबदार समुद्रातला एखादा मासा थंड समुद्रात अख्खा हिवाळा जिवंत राहू शकतो का, आणि हिवाळ्यानंतर तिथे मासा दिसला, तर तो तोच आहे हे कशावरून ठरवायचे? तीन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्याकडे निर्णयासाठी आला होता. मी उत्तर लेखी दिले, खाली सही केली, आणि ते उत्तर चुकले. कसे चुकले, हे क्रमाने सांगण्यासाठी हा लेख आहे.

अमरावतीत राहणाऱ्या बाईचा समुद्राशी संबंध काय, ही वाचकाची पहिली शंका असेल, आणि ती रास्त आहे. अकोल्याच्या एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिला. दोन्ही वेळा शैक्षणिक सहलीबरोबर, रामेश्वरमला, आणि दोन्ही वेळा माझे लक्ष मुली मोजण्याकडे अधिक होते. पाण्यात मी घोट्यापर्यंत गेले. माझे समुद्री मासे बरण्यांत होते. त्यांपैकी काही आम्हीच त्या सहलींतून आणले. एका बरणीचे झाकण परतीच्या गाडीत सैल झाले आणि फॉर्मालिनच्या वासाने डब्यातली दोन कुटुंबे पुढच्या स्टेशनावर दुसऱ्या डब्यात गेली. आम्हाला जागा मिळाली.

फॉर्मालिनमध्ये मासा टिकतो, पण त्याचा रंग टिकत नाही. पिवळा आणि तांबडा लवकर जातात. काळ्या रेषा आणि पट्टे मात्र पुष्कळ वर्षे राहतात. त्यामुळे आमच्यासारखी समुद्रापासून दूर शिकलेली आणि शिकवणारी माणसे मासा रंगावरून ओळखत नाहीत. आम्ही परांचे काटे मोजतो, खवल्यांच्या ओळी मोजतो, रेषा मोजतो. चांदूर बाजारला माझे वडील वांगी आणि झेंडू बाजारात नेत, तेव्हा टोपली दुसऱ्याने मोजलेली असली तरी स्वतः पुन्हा मोजत. ती सवय माझ्यात उतरली असावी.

आमच्या विषयात आणखी एक रीत आहे, आणि या लेखाचे सगळे ओझे तिच्यावर आहे. माशाचे चित्र काढताना त्याचे डोके नेहमी डावीकडे ठेवतात. सगळी चित्रे एकाच बाजूची असली की दोन मासे शेजारी ठेवून तुलना करता येते, एवढाच त्यामागचा हेतू. मी मात्र तो नियम फार कडकपणे पाळत असे. डोके उजवीकडे असले की अर्धा गुण कमी, मग चित्र कितीही सुबक असो.

गजानन माझ्या नजरेत भरला तो या अर्ध्या गुणामुळेच. अकोटजवळच्या काळ्या जमिनीच्या शेतकरी घरातला हा मुलगा विहिरीत पोहायला शिकलेला होता, उंच होता, आणि बाकावर मावत नसे. पहिल्याच प्रात्यक्षिकात त्याने फुलपाखरी माशाचे चित्र काढले. इंग्रजीत बटरफ्लायफिश म्हणतात त्या गटाला आम्ही वर्गात फुलपाखरी मासे म्हणत असू. तळहाताएवढा चपटा मासा, पांढुरके अंग, त्यावर दोन दिशांनी गेलेल्या तिरप्या बारीक रेषा, डोळ्यावरून उतरणारा काळा पट्टा. या जातीच्या शास्त्रीय नावाचा अर्थ भटका असा आहे. चित्र उत्तम होते. डोके उजवीकडे होते. मी अर्धा गुण कापला, तेव्हा तो उभा राहून म्हणाला,

"मॅडम, पण बरणीत त्याचं तोंड तिकडेच हाय."

वर्ग हसला. मी म्हटले, "मग बरणी फिरव."

त्याने बरणी फिरवली, पुन्हा पहिल्यापासून चित्र काढले आणि अर्धा गुण परत मागितला. मी तो दिला नाही. पुढे तीन वर्षांत त्याच्या कोणत्याही चित्रातल्या माशाने उजवीकडे तोंड केले नाही.

त्यानंतरचे थोडक्यात सांगते. गजानन समुद्रकिनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात सागरी जीवशास्त्र शिकला, मग पाणबुड्याचे प्रशिक्षण घेतले, आणि फिरत फिरत ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या एका लहान बंदरात कामाला लागला. बोटींच्या तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले पाण्याखाली जाऊन खरवडणे, हे त्याचे काम. अकोटला घरी त्याने समुद्रात संशोधन करून राहिलो असे सांगितले होते. मला मात्र खरे सांगितले.

तिथल्या हौशी पाणबुड्यांनी एक नोंदवही चालवली आहे. नेहमी न दिसणारा मासा कुणाला दिसला, की छायाचित्र काढून त्या नोंदवहीत पाठवायचे आणि जाणकाराने पडताळून मान्य किंवा अमान्य करायचे. संगणकावर सगळे पाहता येते, त्यामुळे पडताळणारा कुठेही बसलेला चालतो. मी निवृत्त झाल्यावर गजाननने माझे नाव सुचवले, आणि फुलपाखरी मासे माझ्याकडे आले. उन्हाळ्यात दुपारी, कूलरसमोर बसून, मी थंड समुद्रातले मासे तपासू लागले.

त्या किनाऱ्यावर उबदार पाण्यातले मासे येतात कसे, हे सांगायला हवे. उत्तरेकडच्या उबदार समुद्रातून एक मोठा प्रवाह किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहतो. त्याच्याबरोबर माशांची नखाएवढी पिल्ले वाहत येतात. उन्हाळाभर ती बंदराच्या खांबांजवळ वाढतात. मग हिवाळा येतो, पाणी गार होते आणि ती मरतात. प्रवाहाच्या उलट पोहून परत जाणे त्यांच्या आवाक्यातले नसते. अलीकडे समुद्र तापू लागल्यापासून मात्र, यांतले काही मासे हिवाळा काढतात, असे पाणबुडे सांगू लागले होते. खरोखर काढतात का, हे ठरवणे सोपे नाही. वसंतात दिसलेला मासा नव्यानेच आलेला असू शकतो. कुणी घरच्या काचेच्या टाकीतला मासा कंटाळून बंदरात सोडलेला असू शकतो. म्हणून नियम असा, की हिवाळ्याआधीचे आणि हिवाळ्यानंतरचे छायाचित्र हवे, आणि दोन्हींत एकच मासा आहे हे रेषा जुळवून सिद्ध व्हायला हवे. माणसाच्या बोटांच्या ठशासारखी फुलपाखरी माशाच्या रेषांची ठेवण प्रत्येकाची थोडी निराळी असते.

या कामात गिऱ्हाइके नाना प्रकारची भेटली. एक गृहस्थ केवळ शेपट्या पाठवत, कारण त्यांचा कॅमेरा तयार होईपर्यंत मासा निघालेला असे. एका बाईंनी पाठवलेला मासा इतका स्वच्छ आणि स्थिर होता, की मला संशय आला. मी मासा सोडून मागची जागा पाहिली. कोपऱ्यात घरगुती टाकीत हवा सोडणारी नळी दिसत होती. ती नोंद अमान्य करताना मला जो आनंद झाला, त्याची आज मला थोडी लाज वाटते. संशय आला की मी मागची जागा पाहत असे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्या वर्षी गजाननला त्याच्या बंदरातल्या लाकडी धक्क्याखाली, सत्तावीस क्रमांकाच्या खांबाजवळ, एक भटका फुलपाखरी मासा दिसला. तिकडचे ऋतू आपल्या उलट असतात, आणि तिकडचा उन्हाळा संपत आला होता. एप्रिलमध्ये त्याने त्याचे सुरेख छायाचित्र पाठवले. इतर पाणबुड्यांनी हंगाम आटोपला. थंड पाण्यात ते उतरत नाहीत. गजानन दर रविवारी एकटा उतरत राहिला. जूनमध्ये त्याच्या कॅमेऱ्याच्या पेटीत पाणी शिरले आणि कॅमेरा गेला. तरी तो उतरत राहिला, आणि वर आल्यावर मला संदेश पाठवत राहिला.

"आज होता, मॅडम."

बहुतेक वेळा एवढेच. कधी त्यात भर असे. पाणी इतके गार आहे की बोटांना हातमोजे घातल्याचेही जाणवत नाही. मासा आता खांबाच्या फटीत अंग चोरून असतो. बंदरावरचे लोक त्याला म्हणत, माशासाठी स्वेटर विण. एकदा त्याने लिहिले, "आमी दोघंच बाहेरचे आहो इथं."

रविवारी माझ्याशी बोलणारे दुसरे कोणी नव्हते, असे लिहिले तर ते शब्दशः खरे होईल, म्हणून लिहिते. मी चहा करून फोनजवळ बसत असे. संदेश आला की वहीत तारीख टाकून "होता" असे लिहीत असे. असे एकोणीस "होता" माझ्या वहीत आहेत.

ऑक्टोबरमध्ये त्याने नवा कॅमेरा घेतला आणि अकरा छायाचित्रे पाठवली. बंदरावर त्याने सांगून ठेवले होते, की मासा जगला आहे आणि माझ्या मॅडम ते सिद्ध करतील. त्या लोकांपुढे त्याचा शब्द खरा ठरणार की खोटा, हे आता माझ्या सहीवर होते.

तो माझा विद्यार्थी होता, म्हणून मी नेहमीपेक्षा कडक झाले. मी नियम लावला, की मासा पूर्ण दिसला पाहिजे, तोंडापासून शेपटीपर्यंत, डोके डावीकडे. अकरांपैकी एकच चित्र या कसोटीला उतरले. ते मी एप्रिलच्या चित्राशेजारी ठेवले आणि डोळ्यावरच्या पट्ट्यामागून रेषा मोजल्या. एप्रिलच्या माशाची चौथी रेषा मध्येच तुटलेली होती. ऑक्टोबरच्या माशाची चौथी रेषा अखंड होती. एप्रिलच्या माशाची सहावी रेषा खालच्या टोकाला गळासारखी वळलेली होती. ऑक्टोबरच्या माशाची सरळ होती. मी तीनदा मोजले.

निर्णय मी असा लिहिला: "दोन्ही छायाचित्रांतील रेषांची ठेवण भिन्न आहे. हे दोन वेगळे मासे आहेत. नोंद अमान्य."

गजाननचे उत्तर आले, "बरं मॅडम."

पुढच्या रविवारी संदेश आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. फोन बिघडला असावा असे वाटून मी शेजारच्यांना मला एक संदेश पाठवायला सांगितले. तो लगेच आला. मी स्वतः गजाननला लिहिले नाही. शिक्षकाने निर्णय दिल्यावर समजूत घालायला जाऊ नये, असे माझे मत होते. ते मत मी तीन वर्षे सांभाळले.

यंदा अकोल्याच्या एका दिवाळी अंकाने माझ्याकडे लेख मागितला. उत्साही निरीक्षकाचीही कशी फसगत होते, याचे उदाहरण म्हणून मी गजाननचे प्रकरण घेतले, त्याचे नाव न घालता. दोन्ही छायाचित्रे घेऊन बसने अकोल्याला गेले. अंकाची अक्षरजुळणी रफिकभाऊ करतात. पन्नाशीचे गृहस्थ आहेत, चष्मा कपाळावर ठेवून काम करतात. त्यांनी दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी उघडली आणि म्हणाले, "मॅडम, यातला एक फोटो उलटा हाय."

मी म्हटले, दोन्ही मासे डावीकडेच पाहत आहेत.

"मासा नाही पाहून राहिलो मी. मागचा खांब पाहा. त्याच्यावरचा आकडा पाहा."

एप्रिलच्या चित्रात, माशाच्या मागे, खांबावर पांढऱ्या रंगात सत्तावीस हा आकडा होता. ऑक्टोबरच्या चित्रातही होता, अर्धा शेवाळाने झाकलेला, आणि आरशात दिसावा तसा उलटा.

"तुमी तीन वर्षं मासाच पाहून राहिल्या काय?" रफिकभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला. "आमचं कामच हाय ना ते. अक्षर उलटं असलं की डोयात खुपते." त्यांनी एक कळ दाबली. आकडा सुलटा झाला आणि मासा उजवीकडे वळला. मी बसायला खुर्ची मागितली.

काय झाले होते, ते सांगते. ऑक्टोबरचे चित्र माशाच्या उजव्या बाजूचे होते. ते आरशातल्यासारखे पालटून डोके डावीकडे केले होते. बरणी फिरवली की माशाची खरी डावी बाजू समोर येते. चित्र पालटले की डावी बाजू येत नाही, उजवीच बाजू डावीचे सोंग घेऊन येते. आपल्या दोन तळहातांवरच्या रेषा एकमेकींशी जुळत नाहीत, तरी हात एकाच माणसाचे असतात. मी एका माशाचा डावा तळहात त्याच्याच उजव्या तळहाताशी ताडून पाहिला आणि ही दोन माणसे आहेत असे लिहून दिले. टाकीच्या चित्रात मी मागची जागा पाहिली होती, कारण मला संशय होता. गजाननच्या चित्रात पाहिली नाही, कारण त्याच्यावर माझा विश्वास होता.

एवढ्याने मासा एकच ठरत नव्हता. माझी तुलना चुकली, इतकेच ठरत होते. अमरावतीला परतल्यावर मी उरलेली दहा छायाचित्रे काढली. नवव्या चित्रावर माझा शेरा होता, "शेपूट नाही." त्यात माशाचा मागचा भाग चौकटीबाहेर गेलेला आहे, पण डोके आपणहून डावीकडे आहे आणि खांबावरचा आकडा सुलटा आहे. डोळ्यावरच्या पट्ट्यामागून मोजले. चौथी रेषा मध्येच तुटलेली. सहावी खालच्या टोकाला गळासारखी वळलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकोल्याला गेले आणि रफिकभाऊंना काहीच न सांगता दोन्ही चित्रांत कोणती रेषा तुटली आहे ते मोजायला लावले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून मोजले आणि दोन्ही वेळा चार म्हणाले. खालचा वळलेला शेवट त्यांनी न विचारता दाखवला.

मासा तोच होता. त्याने हिवाळा काढला होता.

मी नोंदवहीला दुरुस्ती पाठवली. नोंद गजाननच्या नावाने मान्य झाली. माझा जुना निर्णय पुसू नये, खाली तसाच ठेवावा, असे मी कळवले, आणि तो ठेवला आहे. गजाननला मी सविस्तर पत्र लिहिले. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. त्याने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग म्हणाला, "ते चित्र मीच पालटलं होतं, मॅडम. पुरा मासा त्या एकातच आला होता, अन् तो उजव्या अंगाले चालला होता. तुमाले चालत नाही ना."

मी विचारले, "मासा तोच आहे, हे तुला माहीत होतं?"

"मालूम होतं. हिवाळाभर पायलं ना त्याले."

एकतीस वर्षे वर्गात सांभाळलेली माझी प्रमाण भाषा त्या क्षणी मला सापडली नाही. मी म्हटले, "मंग काहून नाही बोलला रे?"

फोनवर मागे कुणीतरी पत्रा ठोकत होते.

"तुमी मोजून सांगतलं होतं, मॅडम. मले वाटलं, एकटा राहून राहून मीच कायबी पाहून राहिलो."

माशाचे पुढे काय झाले, असे मी विचारले. ते त्याला ठाऊक नाही. त्या ऑक्टोबरनंतर तो धक्क्याखाली उतरलाच नाही. आता तो बोटींना रंग देण्याच्या शेडमध्ये काम करतो. काम कोरड्यात आहे, बरं हाय, असे म्हणाला. पुढच्या हिवाळ्यात मासा तिथे होता की नव्हता, हे कुणीही पाहिलेले नाही, आणि ते आता कुणालाही कळणार नाही. माझ्या वहीत एकोणीस "होता" आहेत. विसावे लिहायला कुणी खाली गेले नाही, याचे कारण मी आहे.

गजाननने पुन्हा पाण्यात उतरावे असे मी त्याला सांगितले नाही. त्याच्या पाहण्यावर आता माझ्या सांगण्याची सावली नको. त्याचे नाव मात्र मी त्याच्या परवानगीने, आधीचा लेख मागे घेऊन लिहिलेल्या या लेखात घातले.

या लेखासोबत दोन छायाचित्रे छापली आहेत, एप्रिलचे आणि ऑक्टोबरचे नववे. दोन्ही डाव्या बाजूची आहेत आणि कोणतेही पालटू नये, असे रफिकभाऊंना बजावले आहे. वाचकांना माझी विनंती आहे. मी सांगते म्हणून मानू नका. आधी खांबावरचा आकडा सुलटा आहे का ते पाहा. मग डोळ्यावरच्या काळ्या पट्ट्यामागून, कागदावर बोट ठेवून, दोन्ही चित्रांतल्या रेषा स्वतः मोजा. चौथी रेषा तुटलेली दिसली नाही, किंवा सहावीचे टोक वळलेले दिसले नाही, तर अंकाच्या पत्त्यावर मला कळवा. मॅडमनी मोजले आहे म्हणून गप्प बसू नका.